कयानी बेकरीचं '१९२० चं' जुनं चित्र विकायला आहे, घ्यावं का?

त्या तारखेवर तर मुळीच नको. पुण्यातल्या ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ साली सुरू झाली. १९२० मध्ये तिचं चित्र कोण काढणार?

चित्र जुनं आहे की नवं, हे पाहायला दहापट भिंग पुरतं. रंगांचे ठिपके फुलासारख्या गोल नक्षीत दिसले तर ऑफसेट छपाई, म्हणजे छापखान्यात यंत्रावर काढलेली प्रत. बारीक तुषार उडाल्यासारखे विखुरलेले असले तर इंकजेट प्रिंटरची छपाई, म्हणजे अलीकडचीच प्रत. पिवळट कागदावर भाळू नका, चहाच्या पाण्यानेही तो रंग येतो!

भिंतीवर लावायला आवडलं असेल तर साध्या पोस्टरच्या भावात जरूर घ्या. उरलेल्या पैशांत श्रूजबेरी बिस्किटं येतील.