न्यूरोसायन्सला अ‍ॅडमिशन झालंय? मग आधी एवढंच कर

अरे घाबरूलास कशाला, खानापुरात मराठी मीडियमला शिकलास म्हणून काय झालं, सिनॅप्स (दोन मज्जापेशींमधला सांधा), अ‍ॅक्सॉन (मज्जापेशीचा लांब तंतू) हे शब्द बेंगळुरातल्या पोरांना पण नवीनच असतात की. पहिल्या सेमला बहुतेकांची एकच चूक होते बघ, मेंदूच्या भागांची नावं पाठ करत बसायचं, हिप्पोकॅम्पस म्हणजे मेमरी, अमिग्डाला म्हणजे भीती, झालं. तसं नसतंय, एकेक कामाला बरेच भाग एकदम लागतात.

त्यापेक्षा अ‍ॅक्शन पोटेन्शियल (न्यूरॉनमधून, म्हणजे मज्जापेशीतून धावणारा विजेचा सिग्नल) पक्कं कर. पेशी शांत असताना आत साधारण -७० मिलिव्होल्ट, सोडियम आत शिरला की व्होल्टेज वर, पोटॅशियम बाहेर गेला की परत खाली. हा ग्राफ न बघता काढता आला पाहिजे, दात काढताना भूल देतात ती पण हेच सोडियमचं दार बंद करते.

आणिक:
- फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स टाळू नको, बायोवाले इथंच आपटतात.
- एफएमआरआयमधले (काम करणाऱ्या मेंदूचं स्कॅन) रंगीत ठिपके म्हणजे न्यूरॉन नव्हेत, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक तो.
- "१० टक्केच मेंदू वापरतो" हे व्हॉट्सअ‍ॅपवालं सोड.

कोडिंग, कॉन्शसनेस सगळं नंतर. सुट्टीत गावाकडं यायच्या आधी बेंगळुरातल्या निम्हान्स हॉस्पिटलचं ब्रेन म्युझियम तेवढं बघून ये, खरे मेंदू ठेवलेत तिथं.