डीएफओ लावूनही कागदावरचे बोटांचे ठसे चमकत का नाहीत?

प्रश्नात म्हटलंय, जुलैत मुंबईतल्या लॅबमध्ये डीएफओ (कागदावरचे न दिसणारे ठसे उठवणारं रसायन) लावलं, पण यूव्ही दिव्याखाली कागद नुसता निळा दिसतो.

पहिली चूक दिव्याची. तो निळा उजेड कागदातल्या ब्राइटनरचा (कागद पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या रसायनाचा) आहे. डीएफओ घामातल्या अमिनो आम्लांशी जोडलं की जो रेणू तयार होतो, त्याला हिरवा प्रकाश लागतो, साधारण 510 ते 530 नॅनोमीटर. खोलीत पूर्ण अंधार करा आणि नारिंगी फिल्टरमधून बघा.

दुसरी, दमट हवा. या अभिक्रियेला कोरडी उष्णता हवी. द्रावणात (लिटरला 0.25 ग्रॅम) कागद पाचेक सेकंद बुडवा, फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) पूर्ण सुकवा, मग 100 अंशांवर 20 मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. वाफेची इस्त्री नको. एटीएमची पावती मात्र ओव्हनमध्ये घालूच नका, थर्मल कागद काळा पडतो.

निनहायड्रिन (अमिनो आम्लांवरच काम करणारं, ठसे जांभळे करणारं रसायन) नेहमी डीएफओनंतर. आधी लावलंत तर अमिनो आम्लं तिथेच खर्ची पडतात आणि चमक मिळत नाही.

कागद पावसात भिजला असेल तर डीएफओचा नाद सोडा. अमिनो आम्लं पाण्यात वाहून जातात, स्निग्धांश मागे राहतो. तिथे स्निग्धांशावर काम करणारं ऑइल रेड ओ (रंगद्रव्य) किंवा फिजिकल डेव्हलपर (चांदीयुक्त द्रावण) वापरा.