अरबी बोलणाऱ्या, स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांचे जीवनमान कोणत्या प्रश्नावलीने मोजावे?

ईओआरटीसी या युरोपातील कर्करोग संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० ही सर्व कर्करोगांसाठीची प्रश्नावली आणि तिच्या जोडीला स्तनाच्या कर्करोगासाठीची बीआर२३ वापरा. दोन्ही अधिकृत अरबी भाषांतरात मिळतात. स्वतः भाषांतर करू नका, संस्थेकडे रीतसर परवानगी मागा. एकूण ५३ प्रश्न आहेत, बहुतेक मागच्या आठवड्याबद्दलचे. उत्तरांचे गुण सूत्राने ० ते १०० च्या मापात आणतात: कार्यक्षमतेत जास्त म्हणजे चांगले, लक्षणांत जास्त म्हणजे वाईट.

हमखास चूक होते ती ४४ ते ४६ या लैंगिक जीवनावरच्या प्रश्नांत. ते कार्यक्षमतेचे असले तरी गुण काढताना त्यांना लक्षणांचेच सूत्र लागते, नाहीतर निकाल उलटा येतो. हेच प्रश्न संकोचाने कोरेही राहतात, म्हणून एकांत द्या आणि विचारणारी स्त्री असू द्या. प्रश्नांच्या एखाद्या गटातले निम्मे तरी प्रश्न सोडवले असतील तरच त्याची सरासरी धरा. भाषांतर प्रमाण अरबीत असल्याने कमी शिकलेल्या बाईला प्रश्न वाचून दाखवावे लागतात. तेव्हा बोलीतले पर्यायी शब्द आधीच ठरवून सर्वांना तेच वापरायला सांगा.

मात्र उपचार संपून वर्षे लोटलेल्या स्त्रियांत आजार उलटण्याची भीती या जोडीत नीट पकडली जात नाही. त्यासाठी वेगळी मोजपट्टी जोडावी लागते.