आजाराला 'मान्यता' द्यायची की त्याची 'दखल' घ्यायची?

सिडनीच्या एका ताईंनी विचारलंय की तिथल्या पेशंट लोकांच्या निवेदनाचा मराठी मजकूर त्या करतायत, त्यात "लाइम या वादग्रस्त आजाराला सरकारने मान्यता द्यावी" असं वाक्य आहे (लाइम म्हणजे गोचीड चावून होणारा एक आजार) पण ते खटकतंय, तर बरोबर आहे का?

ताई, खटकतंय ते योग्यच खटकतंय. मान्यता कॉलेजला मिळते, पक्षाला मिळते, प्रस्तावाला मिळते, म्हणजे कुणीतरी अर्ज करतो आणि वरचा शिक्का मारतो. आजाराला मान्यता म्हटलं की आजारानेच फाइल टाकलीय आणि ती मंत्रालयात अडकलीय असं वाटतं! पेपरवाले सर्रास लिहितात, त्यामुळे चूक म्हणणार नाही, पण तुमच्या मजकुरात तो शब्द फार ढोबळ पडतो.

कारण तिथलं भांडण नेमकं काय आहे बघा. लाइम हे नाव अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या लाइम आणि ओल्ड लाइम या गावांवरून पडलं (लिंबाशी संबंध नाही, हे एकदा मजकुरात सांगून टाकाच). १९७५ च्या सुमाराला त्या भागातल्या पोरांचे सांधे सुजायला लागले आणि पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडात त्याचा जंतू शोधला. तो आजार ऑस्ट्रेलियन सरकारलाही मान्य आहे, बाहेरदेशी गोचीड चावून आलेल्या माणसाला लाइम असू शकतो असं ते म्हणतात. मात्र ऑस्ट्रेलियातल्या गोचिडांत तो जंतू असल्याचा पक्का पुरावा नाही, म्हणून तिथल्या तिथे लाइम होतो हे त्यांना मान्य नाही. पेशंट म्हणतात आम्ही देश सोडून कुठे गेलोच नाही, मग वर्षानुवर्षं हा थकवा, ही सांधेदुखी, काही सुचेनासं होणं हे आलं कुठून? म्हणजे "सरकार लाइम मानतच नाही" असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल आणि निवेदन पहिल्याच ओळीत पडेल.

आता ऑस्ट्रेलियातल्या गोचिडातून लाइम होतो हे सरकारने कबूल करावं अशी मागणी असेल तर "मान्य करावे" म्हणा. जंतू कुठला ते पुढे ठरेल पण आम्हाला तपासा, हाकलून देऊ नका, असं असेल तर "दखल घ्यावी". आणि डॉक्टरांनी प्रत्येक केस सरकारला कळवावी असं असेल तर "नोंद सक्तीची करावी". माझं मत विचाराल तर दखल हा शब्द सगळ्यात भक्कम, कारण त्याला पुराव्याची वाट बघावी लागत नाही, माणूस आजारी आहे एवढं पुरतं.

वादग्रस्त तर काढूनच टाका. वादग्रस्त जमीन असते, विधान असतं, पुढारी असतो, आजाराला लावलं की पेशंटच संशयित होतो. त्रास खरा आहे, वाद आहे तो कारणाचा आणि निदानाचा, तेव्हा "ज्याच्या कारणाबद्दल डॉक्टरांत एकमत नाही असा आजार" हे लांबलं तरी चालेल.

२०१६ ला तिथल्या संसदेच्या सेनेटने या आजाराबद्दल केलेल्या चौकशीचा अहवाल आला, त्यानंतर आरोग्य खात्याने डीस्कॅट (DSCATT) असं नाव आणलं, त्याचा अर्थ साधारण "गोचिडांमुळे झाल्याचं सांगितलं जातं अशी, माणसाला खचवणारी लक्षणं". यातलं "सांगितलं जातं" फार मोलाचं आहे. घाईत "गोचिडांमुळे होणारी लक्षणं" लिहिलंत तर सरकार जे बोललंच नाही ते तुम्ही त्याच्या तोंडी घातलंत. आणि "कथित" नको हं, त्याला कोर्टकचेरीचा वास येतो, कथित आरोपी टाइप.

अजून एक, सोपं म्हणून गोचीडताप करू नका. आपल्याकडे गोचीडताप म्हटलं की गुरांचा डॉक्टर आठवतो. माणसाचा म्हणाल तर सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप आहे, तोही गोचिडातूनच येतो, पण त्याचा विषाणू १९५७ लाच पुण्याच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला होता, त्यामुळे तो आहे की नाही हा वाद तिथे नाही. म्हणून तुलनेला घेऊ नका, उलटं अंगावर येईल.

वाक्य असं करा: "ऑस्ट्रेलियाबाहेर न जाताही गोचीड चावल्यानंतर दीर्घकाळ आजारी असलेल्यांची सरकारने दखल घ्यावी, आणि त्यांच्या तपासणीची व उपचारांची सोय करावी."