वाचकांचे प्रश्न : जड बोट-लिफ्ट तलावात उतरवताना आणि बाहेर काढताना

प्रश्न : आमची अ‍ॅल्युमिनियमची बोट-लिफ्ट (तलावाच्या तळावर पायांनी उभा राहून बोट पाण्याबाहेर उचलून धरणारा सांगाडा) 400 किलोची आहे. हिवाळ्यात तलाव गोठतो, त्याआधी ती दरवर्षी बाहेर काढावी लागते. सहा माणसं लावूनही हलत नाही. पिंपं बांधून तरंगवता येईल का?

उत्तर : येईल, आणि सहा माणसांऐवजी तीन पुरतील. अ‍ॅल्युमिनियम पूर्ण बुडालेलं असेल तर त्याचं वजन सुमारे 37 टक्क्यांनी घटतं, म्हणजे तुमची 400 किलोची लिफ्ट पाण्याखाली साधारण 250 किलो भरते. (लोखंडी असती तर 350 किलोच्या आसपास.) 200 लिटरचं रिकामं प्लास्टिक पिंप साधारण 190 किलो उचलतं. हिशेबाने दोन पिंपं पुरतात, तरी चारच घ्या, प्रत्येक पायाला एक. वरचा जो भाग पाण्याबाहेर असतो त्याचं वजन मुळीच घटत नाही आणि दोन पिंपांवर तोलही राहत नाही.

खरी अडचण पुढे आहे. रिकामं पिंप हातांनी पाण्याखाली दाबता येत नाही. म्हणून ते पाण्याने भरून बुडवा, त्याचं एक बूच तळाकडे येईल असं रॅचेटच्या पट्ट्यांनी पायाला आवळा, ते बूच उघडा आणि त्यातून नळी घालून आत हवा भरा. हवा वर साठते, पाणी खालून निघून जातं. मीटरभर खोलीला जोर फार लागत नाही, पायपंपही चालतो. चारही पिंपांत आळीपाळीने थोडी थोडी हवा भरा. एकच कोपरा आधी उचलला गेला तर सांगाडा पिळवटतो.

पिंपं शक्य तितकी वर बांधा. पायांच्या तळाशी बांधली तर सगळा सांगाडा पिंपांच्या डोक्यावर येतो आणि कलंडतो. लिफ्ट तळापासून वीतभर उचलली गेली की झालं. बोटीच्या पाळण्याला मात्र पिंपं बांधू नका. पाळणा तारेवर टांगलेला असतो, तो एकटाच वर येतो, तार सैल पडून कप्पीतून निसटते आणि सांगाडा जागचा हलत नाही.

सुरुवात करण्याआधी बोट काढून घ्या, छताचं कापड उतरवा (वाऱ्यात ते शिडासारखं काम करतं) आणि मोटरची लिफ्ट असेल तर वीज मुख्य स्विचपासून बंद करा. वीज चालू ठेवून पाण्यात उतरणं जिवावर बेतू शकतं. थंड पाण्यात लाइफ जॅकेटशिवाय कुणी उतरू नये आणि छातीपेक्षा जास्त खोलीत काम करू नये.

प्रश्न : एक पाय गाळात पक्का रुतला आहे. गाडीने ओढू का?

उत्तर : नको. पायाच्या तबकडीखाली पाणी शिरायला वाट नसते, म्हणून ती चिकटून बसते. गाडीने ओढलं की आधी पाय वाकतो किंवा दोर तुटतो. सुटलाच तर सगळा सांगाडा एकदम झेपावतो. तबकडीच्या कडेने पंपाची नळी खुपसून पाण्याचा झोत सोडा, गाळ ढिला होतो. मग अडीच मीटरच्या भक्कम पाइपाची तरफ करा. टेकू भारापासून 25 सेंटिमीटरवर ठेवला तर 30 किलोच्या जोराचे 270 किलो होतात. दाबून धरा आणि एक-दोन मिनिटं थांबा. पाणी आत शिरायला वेळ लागतो, इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

प्रश्न : काठावर वाळू आहे, चाकं रुततात.

उत्तर : मोठ्या व्यासाची रुंद चाकं लावा आणि खाली 18 मिलिमीटर प्लायच्या फळ्या टाकत चला. चाकं लिफ्टच्या विंचच्या (तार गुंडाळून पाळणा उचलणाऱ्या यंत्राच्या) बाजूला थोडी सरकवून बसवा, कारण तीच बाजू जड असते. 400 किलो भार दहाला एक अशा चढावर ओढायला चढासाठीच 40 किलो लागतात. वाळूचा अडथळा धरला तर 150 किलोपर्यंत जातं, म्हणून हातविंच 500 किलो क्षमतेची घ्या. दोर खालच्या आडव्या पट्टीला दोन ठिकाणी बांधून मधोमध ओढा, पायाच्या टोकाला कधीच नाही. नायलॉन ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा परततो. पॉलिएस्टर बरा. तरीही दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

प्रश्न : परत बसवल्यावर बोट एका बाजूला सरकते.

उत्तर : लिफ्ट समतल नाही. पाणसळ लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्णांवर लावून पाय कमी-जास्त करा. बोट चढवल्यावर आठवड्याने पुन्हा तपासा, भार आल्यावर तबकड्या नव्याने खचतात. लिफ्ट कोरड्यावर असतानाच तारदोर बघून घ्या. कप्पीजवळ एखादा धागा तुटलेला दिसला तरी पूर्ण तार बदला, गाठ मारून चालवू नका.

प्रश्न : हीच लिफ्ट दुसऱ्या तलावात नेली तर?

उत्तर : आधी ती पूर्ण कोरडी होऊ द्या. शिंपले आणि पाणवनस्पती सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतून प्रवास करतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तर लिफ्ट दुसऱ्या पाण्यात टाकण्याआधी 21 दिवस कोरडी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. नळ्यांची टोकं उघडून आतलं पाणी काढायला विसरू नका.