‘बऱ्याच’ हा आकडा नाही

प्रिय कॅप्टन,

परवा रात्री पावणेबाराला तुझा फोन आला तेव्हा मी भोसरीच्या शॉपवरून नुकताच घरी येऊन जेवायला बसलो होतो. तू वीस मिनिटं ‘सर, सर’ करत बोललास. आधी ते सर बंद कर, दादा म्हण. मी कुणाला काही शिकवत नाही, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणि दोन लेथ चालवून पोट भरतो. तर मध्येच माझा आवाज चढला आणि तू नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास. ते ‘बरं’ माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

तुझा प्रश्न मला नीट समजला होता. रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबोंच्या स्पर्धेच्या, राष्ट्रीय फेरीला पाच आठवडे उरलेत. तुमचा ग्रिपर, रोबोचा वस्तू पकडणारा पंजा, दहातून सहा वेळा धड उचलतो. एकाने जपानी संघाचा व्हिडिओ बघून नवा ग्रिपर काढलाय, तो कागदावर चार सेकंद वाचवतो. अर्धी टीम म्हणते बदलू, अर्धी म्हणते वेळ नाही, आणि दोन दिवस झाले दोन्ही गट वेगवेगळ्या टपरीवर चहाला जातात. तू दुसऱ्या वर्षाला, कॉलेजची ही पहिलीच वेळ, वर विचारायला सीनियर नाही. ‘बदलू की नको?’

मी विचारलं, पूर्ण फेऱ्या किती झाल्या? तू म्हणालास, ‘बऱ्याच.’

माझा आवाज चढला तो इथे. बऱ्याच हा आकडा नाही. तेवीस हा आकडा आहे. चार हासुद्धा आकडा आहे, लाजिरवाणा असला तरी. ज्याच्याकडे आकडा नाही त्याने ग्रिपर बदलला काय आणि नाही बदलला काय, तो अंधारातच चाचपडतोय.

एक दोनशे पानी वही घे. कॅम्पसच्या स्टोअरमधली चालेल. एक्सेल नको. एक्सेल कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये असतं आणि तो लॅपटॉप नेमका होस्टेलवर असतो. वही रोबोच्या शेजारी, सुतळीने टेबलाला बांधलेली. प्रत्येक फेरीला एक ओळ: तारीख, फेरीचा नंबर, सुरू करताना बॅटरीचा व्होल्टेज, टाकीतल्या हवेचा दाब, ऑपरेटर कोण, किती सेकंदात झालं, आणि फसलं तर कुठे फसलं. लिहिणारा तो भाग बनवणारा नसावा. बनवणारा नेहमी ‘जवळजवळ झालं’ असं लिहितो.

आणि फेरी म्हणजे अख्खी फेरी. मांडणीचा एक मिनिट घड्याळ लावून, मग शिट्टी, मग तीन मिनिटं, मध्ये हात लावून पुन्हा सुरू केलं तर रीट्राय लिहायचा. ‘फक्त उचलण्याचा भाग बघू’ ही फेरी नाही, ती करमणूक आहे. गरज असते तिचीही, पण तिला नंबर द्यायचा नाही.

एवढा का खवळतो, ते सांगतो. २००८ ला आम्ही बालेवाडीच्या क्रीडासंकुलात उतरलो. त्या वर्षी रोबोकॉनचे आशियाई अंतिम सामनेही पुण्यातच होणार होते, त्यामुळे खेळाचा विषय आपल्या घरचा, गोविंदाचा. आम्हाला वाटलं, दहीहंडी आपली, बालेवाडी आपली, आता कोण हरवतंय! ऑटोमॅटिक रोबोचा कोड माझ्याकडे होता. मोटरी जुन्या बाजारातून आणलेल्या, गाडीच्या वायपरच्या. रेषा ओळखणारे सेन्सर तपकीर गल्लीतले. सराव ड्रॉइंग हॉलमध्ये, फ्लेक्सवर छापलेल्या पांढऱ्या रेषांवर, रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात. वर्कशॉपचे मामा किल्ली आमच्याकडे ठेवून जायचे आणि सकाळी येऊन म्हणायचे, ‘पोरांनो, झोपला का नाय?’ झोपायचो नाही. पण रात्रभर करायचो काय, तर सुधारणा. आज ब्रॅकेट हलका, उद्या चेन बदल, परवा माझा कोड. बालेवाडीला जाईपर्यंत अख्ख्या फेऱ्या झाल्या होत्या अकरा. हा आकडासुद्धा आठवणीतून सांगतोय, नऊही असतील.

चाक किती फिरलं ते मोजणारे एन्कोडर आम्ही बसवले नव्हते. वळण वेळेवर मोजायचो: डावी मोटर पुढे, उजवी मागे, इतके मिलिसेकंद, झाला काटकोन. रात्रभर वापरून दमलेल्या बॅटरीवर तो काटकोन अगदी गुण्यात यायचा. सामन्याच्या दिवशी आम्ही शहाण्यासारखी बॅटरी पूर्ण भरली. भरलेल्या बॅटरीवर मोटर जोरात फिरते, हे अकरावीच्या पोरालाही कळतं. आम्हाला ते बालेवाडीच्या मैदानावर कळलं. पहिल्याच वळणाला रोबो काटकोनाच्या पुढे गेला, रेषा हरवली आणि कडेच्या फळीला नाक लावून उभा राहिला. चाकं फिरतायत, जागचा हलत नाही. रीट्राय घेतला, पुन्हा तेच. वर टीव्हीच्या शूटिंगचे दिवे, त्यांचा उजेड सेन्सरच्या पोटात. एकाने पळत जाऊन कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी कापून सेन्सरला टोपी केली, ती पुढच्या सामन्याला उपयोगी पडली. तोवर आमचं गणित संपलं होतं.

आमचा मेकॅनिकल बघणारा मित्र आजही म्हणतो, कोडमुळे हरलो. मी म्हणतो, चेनच्या दातेरी चाकाला, स्प्रॉकेटला, दांड्यावर घट्ट धरणारा ग्रब स्क्रू ढिला होता आणि उजवं चाक घसरत होतं. त्या आठवड्यात मी दोनदा बोलून दाखवलं होतं. माझं चुकलं नव्हतं असं नाही, व्होल्टेज माझ्या लक्षात यायला हवा होता. पण सगळं माझ्यावर ढकलायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. इतकी वर्षं झाली, दरवर्षी गेट टुगेदरला हा वाद निघतो, दोघांच्या बायका उठून आइस्क्रीम खायला जातात. निकाल लागत नाही, कारण कुठे काहीच लिहिलेलं नाही. वही असती तर एक तर तो गप्प बसला असता, नाही तर मी.

आता तुझ्या ग्रिपरकडे येतो. उद्यापासून आठ दिवस ग्रिपर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आहे तो रोबो, आहे तसा, चाळीस फेऱ्या. दिवसाला पाच, म्हणजे काही डोंगर उचलायचा नाहीये. मग दोन्ही गटांना वहीभोवती बसव आणि शेवटचा रकाना मोजा. माझा अंदाज ऐकायचा असेल तर फसलेल्या फेऱ्यांतल्या निम्म्या ग्रिपरमुळे नसतीलच. एखादा कनेक्टर निसटला, रिले चिकटला, लिमिट स्विचची वायर चेनमध्ये गेली, टाकीतला दाब पडला, असल्या क्षुल्लक कारणांनी गेलेल्या असतील. तसं निघालं तर तुमचं भांडण ज्या चार सेकंदांसाठी चाललंय ते चार सेकंद कुणाला मिळणारच नव्हते. आणि खरंच ग्रिपरच दोषी निघाला, तर बदल, मी स्वतः ब्रॅकेट काढून देतो. पण नवा ग्रिपर आधी टेबलावर, वेगळ्या फळीवर, लागोपाठ दहातून दहा. तोवर जुन्याचा एक नटही कुणी काढायचा नाही.

ज्याने तो नवा ग्रिपर काढलाय त्याला दुखवू नकोस. असली पोरं टीमला लागतातच. मीही तसाच होतो, म्हणून तर माझ्यासारख्याला आवरायला कुणीतरी हवं होतं.

व्हिडिओचं म्हणशील तर त्यात तीन मिनिटं दिसतात, मागचे महिने दिसत नाहीत. २०१४ ला आशियाई फेरी पुन्हा पुण्यात आली. विषय पालकत्वाचा होता. मोठ्या रोबोने छोट्या रोबोला उचलून सी-सॉवर बसवायचं, झोका द्यायचा. व्हिएतनामचं लॅक हाँग विद्यापीठ जिंकलं. मी प्रेक्षकांत बसून रोबोंपेक्षा ऑपरेटरांचे हात बघत होतो. चांगल्या ऑपरेटरचे हात कसलीच घाई करत नाहीत. ते हात शंभराव्या-दोनशेव्या फेरीनंतरच येतात. यावरून आठवलं, ऑपरेटर तूच व्हायचं असं काही नाही. कॅप्टन आहेस म्हणून रिमोट तुझ्या हातात, हा खुळेपणा करू नकोस. वही ज्याचं नाव सांगेल त्याच्या हातात दे.

दाबाचंही लिहायचं राहिलं. हवेसाठी कोल्ड्रिंकच्या बाटल्या लावल्यात ना? सगळेच लावतात. ओरखडा पडलेली, उन्हात राहिलेली बाटली फेकून दे, पाचशे रुपयांची पार्टी कर आणि नव्या घे. दाब सहा बारच्या वर न्यायचा नाही, आणि भरताना तोंड तिकडे नको. आणि मांडववाल्याकडून दोन मोठे फोकस भाड्याने आणून निदान दहा फेऱ्या त्यांच्या उजेडात कर. फ्लेक्स चकाकतो आणि रंगवलेलं प्लायवूड वेगळं चकाकतं, तेव्हा एक प्लायची शीटही रंगवून घे.

तू एक वाक्य सहज बोलून गेलास, ‘यंदा नाही झालं तर हाच रोबो पुढच्या वर्षी.’ अरे, कुठला हाच रोबो? यजमान देश बदलतो तसा विषय बदलतो. इथे दहीहंडी आणि पालकत्व, २०१५ ला इंडोनेशियात बॅडमिंटन, २०२५ ला मंगोलियात बास्केटबॉल. तुमच्या या रोबोच्या मोटरी आणि त्या चालवणारी ड्रायव्हर सर्किटं काढून घेतली की बाकीचं भंगारवाल्याकडे किलोवर जाणार. आमचा गेला, मला वाटतं साडेतीनशे रुपये आले, त्यात आम्ही मिसळ खाल्ली. तुमच्या कॉलेजात पुढच्या वर्षी जो दुसऱ्या वर्षाचा पोरगा कॅप्टन होईल, त्याला विचारायला सीनियर म्हणून तू असशील. त्याच्या हातात काय देणार आहेस, बऱ्याच?

रविवारी शॉपला सुट्टी असते, पण मी असतो. सकाळी दहाला ये. रोबो आणू नकोस, रिक्षाभाडं फुकट जाईल. वही आण. आठ दिवसांच्या आत आलास तर चाळीस झालेल्या नसतील, चालेल, जितक्या झाल्या तितक्या. खाडाखोड असू दे. नवीकोरी, एका बैठकीत एकाच पेनने लिहिलेली वही मला ओळखू येते, मीही जर्नलं तशीच लिहिली आहेत.

तुझा,
दादा

ता. क. मेकॅनमची चाकं (कडेला तिरपे रोलर असलेली, आडवीही सरकणारी) उसनी देतो म्हणालो होतो, त्यातल्या एकाचे दोन रोलर फुटलेत. तीनच मिळतील.