ऑस्टिनहून सॅन अँटोनियोला गाडीने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल का?
हो, आरामात होतं; सकाळी सातच्या आत निघा आणि सरळ आय-३५ महामार्ग धरा. अंतर साधारण ८० मैल, म्हणजे १३० किलोमीटरच्या आसपास, आणि रस्ता मोकळा असेल तर सव्वा ते दीड तास. मी ऑस्टिनलाच राहतो, घरी पाहुणे आले की ही फेरी ठरलेलीच. खरी गोम परतीत आहे: संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. एकतर तीनला निघा, नाहीतर रिव्हर वॉकवर, म्हणजे सॅन अँटोनियोतल्या नदीकाठच्या पायवाटेवर, जेवून आठनंतर. थांबायचंच तर वाटेतल्या न्यू ब्रॉनफेल्सचं बकीज, म्हणजे पेट्रोल पंप आणि मोठं दुकान एकत्र. पेट्रोलच्या पंपांची रांग संपता संपत नाही, पण स्वच्छतागृहं चकाचक. कोंडी टाळायला टोलचा १३० क्रमांकाचा रस्ता आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या टप्प्यात वेगमर्यादा ताशी ८५ मैल, अख्ख्या अमेरिकेत सर्वात जास्त. मात्र तो सेगीनजवळ आय-१० ला मिळतो, त्यामुळे वळसा पडतो. शिवाय तिथे रोख टोल घेत नाहीत, त्यामुळे गाडी भाड्याची असेल तर टोलवर वेगळं शुल्क किती लावतात ते आधीच विचारून घ्या.